दुसरी हाक

हाक ऐकल्याबरोबर ओ देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आपण सगळे हाक आली की आधी जरा थांबतो. कुणाची आहे, कशाला आहे, काही काम तर सांगणार नाही ना, हे मनात चाचपून मग 'ओ' म्हणतो. आमच्या घरात तर तिसऱ्या हाकेपर्यंत कुणी मान वर करत नाही. शिरसेसरांचं तसं नव्हतं. हाक मारणाऱ्याचं तोंड मिटायच्या आत त्यांची ओ आलेली असायची, आणि ओ देताना ते बसल्या जागेवरून अर्धे उठलेलेही असायचे.

मी तेव्हा औरंगाबादला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, समोर वायरींचं जंजाळ आणि 'माझा ट्रंक कॉल कधी लागणार बाई' म्हणून माझ्यावर डाफरणारी माणसं. आठवडाभर दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं आणि रविवारी आपण लिहिलेलं दुसऱ्यांना ऐकवायचं, असा मी सूड उगवत होते म्हणा ना. तो उगवायची जागा म्हणजे औरंगपुऱ्यातला इक्बालभाईंचा टायपिंग क्लास. लाकडी जिना चढून वर गेलं की एक लांबट खोली, रेक्झिनची टोपडी घालून ओळीनं बसलेले टाइपरायटर आणि त्यांच्या मध्ये मिळेल तिथं बसलेले आम्ही हौशी लेखक. इक्बालभाई स्वतः मराठीत कविता करायचे. घरात दखनी, क्लासात इंग्रजी, कवितेत मराठी, आणि तिन्हींत चुका सारख्याच, असं ते स्वतःच हसत सांगायचे.

महिन्यातून एकदा आम्ही एखाद्या छापून आलेल्या लेखकाला बोलवत असू. त्यानं आपला अनुभव सांगायचा, आम्ही प्रश्न विचारायचे, मग चहा आणि बिस्किटं. शिरसेसर असेच एका रविवारी पाहुणे म्हणून आले. अंबादास शिरसे. गंगापूरकडच्या शाळांतून मास्तरकी करून निवृत्त झालेले, हर्सूलच्या रस्त्याला भाड्याच्या घरात एकटेच राहणारे. दोन कथासंग्रह नावावर होते, तेही जुने. उंच, किंचित वाकलेले, उन्हाळ्यातही बंद गळ्याचा कोट. इक्बालभाईंनी त्यांची ओळख करून देताना 'ज्येष्ठ' हा शब्द इतक्यांदा वापरला की सर कंटाळून म्हणाले, "बास झालं हो. मला भाषण येत नाय. तुमच्यातलं कुणी काय लिवलंय ते वाचा." आणि एका रविवारपुरता आलेला तो पाहुणा मग दर रविवारी यायला लागला.

आल्यावर ते दाराशेजारची जागा घेत आणि दार उघडं ठेवायला लावत. खालून सायकलरिक्षांच्या घंट्या, भांडणं, भजीचा वास, सगळं वर यायचं. कुणी दार लावायला उठलं की म्हणायचे, "असू द्या उघडं. कुणी आलं तर?"

"सगळे आलेत सर."

"तरीबी."

मी त्यांना वाचून दाखवलेली पहिली कथा माझ्या सासूच्या मरणावर होती. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून मी त्या कथेवर पुष्कळ मेहनत घेतली होती. एका वाक्याशी सरांनी बोट वर केलं. "बाई, हा जुमला दुसऱ्यांदा वाचा." वाक्याला ते जुमला म्हणत, निजामाच्या शाळेत त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालं होतं आणि मराठीचं व्याकरण त्यांनी मागाहून, मास्तर झाल्यावर शिकून घेतलं होतं. मी वाचलं, 'मला खूप दुःख झालं.' पहिल्या वेळी हे वाक्य मी अगदी गहिवरून म्हटलं होतं. दुसऱ्या वेळी माझाच आवाज मला ऐकू आला आणि तो खोटा होता. एक्स्चेंजमध्ये 'लाइन व्यस्त आहे' म्हणताना लागतो तसा.

"काय झालं व्हतं त्या टायमाला? खरं सांगा."

"भूक लागली होती," मी म्हणाले. "सकाळपासून काही खाल्लं नव्हतं."

"मग तेच लिवा की."

ते लिहिलं आणि कथा उभी राहिली. नवरा पुढे महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही, पण त्याला इलाज नव्हता.

त्या दिवशी घरी जाताना जिन्यावर सरांनी आपली युक्ती उलगडून सांगितली. "आमच्या गावाकडं म्हणतेत, दिवेलागणीनंतर बाहीरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नाय. भुताला एकदाच हाक मारता येती. माणूस आसंल तर दुसऱ्यांदा मारंल. जुमल्याचंबी तसंच हाय. खोटा जुमला एक डाव फसवून वाचता येतो. दुसऱ्यांदा नाय."

आम्हाला हे इतकं पटलं की बैठकीचा तो कायदाच झाला. कुणी वाचायला लागलं की बाकीचे टपून बसत आणि संशय आला रे आला की 'दुसऱ्यांदा!' म्हणून ओरडत. पुण्याहून एक मोठे कादंबरीकार आम्हाला सृजनाविषयी सांगायला आले होते. गृहस्थ छान बोलत होते, पण स्वतःलाच ऐकत ऐकत बोलत होते. "कादंबरी मी लिहीत नाही, कादंबरीच मला लिहिते," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. दाराशेजारून सरांचा आवाज आला, अगदी अदबीनं, "साहेब, तेवढा जुमला दुसऱ्यांदा म्हणता का?" पाहुण्यांनी डोळे उघडले, पुन्हा म्हणायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर त्यांनाच हसू फुटलं. माणूस दिलदार निघाला. उरलेला वेळ त्यांनी आपल्या फसलेल्या कादंबऱ्यांविषयी सांगितलं आणि ते आम्हाला खरोखर उपयोगी पडलं.

सरांच्या त्या चटकन ओ देण्याची आम्ही फार चेष्टा करायचो. एकदा मे महिन्यात बैठक सुटल्यावर आम्ही गुलमंडीवरून चाललो होतो. आंबेवाल्यांचा नुसता गलका. एक पोरसवदा विक्रेता टोपल्यामागून गळा ताणून ओरडला, "आंबाऽऽ!" आणि सर गर्रकन वळून म्हणाले, "ओ!" आम्ही हसून हसून बेजार. त्या विक्रेत्यालाही कळेना, हे म्हातारबुवा आपल्याला ओ का देतायत. इक्बालभाई म्हणाले, "सर, उसने आपको नहीं, आम को आवाज दी." सरही हसले, पण सगळ्यांच्या नंतर हसले, आणि मोंढ्याचा रस्ता लागेपर्यंत त्यांनी दोनदा वळून मागे पाहिलं. मला ते तेव्हा दिसलं होतं, पण त्याचं काही वाटलं नव्हतं.

मी त्यांना एकदा विचारलंही होतं, "सर, पहिल्या हाकेला ओ देऊ नये म्हणता, मग तुम्हीच कसे लगेच देता?"

त्यांनी उघड्या दाराकडे पाहिलं. "मला आता भुताचं भ्या नाय ऱ्हायलं, बाई."

आम्हाला हे वाक्य फार आवडलं. तेव्हा आम्हाला वाक्यंच आवडायची.

सरांनी स्वतः पुष्कळ वर्षांत काही लिहिलेलं नव्हतं. दिवाळी अंकवाले मागायचे, ते नाही म्हणायचे. आम्ही फार मागे लागलो की सांगायचे, एक गोष्ट लिहायची राहिलीय, ती झाल्याशिवाय दुसरं हाताला लागत नाही. "आधीची दोन पुस्तकंबी तिला चुकवून चुकवूनच लिवली. ती लिवल्याबिगर मेलो तर सगळं लिवणं पाण्यात." मग अडलंय कुठं, असं विचारलं की म्हणायचे, "एक जुमला बसंना." आम्ही म्हणायचो, मोठ्या लेखकांचं असंच असतं. आपल्यालाही एखादं वाक्य वर्षानुवर्षं बसू नये, असं आमच्यातल्या दोघातिघांना मनापासून वाटायचं. खोटं कशाला बोलू, मलाही वाटायचं.

आणि एका रविवारी ते कागद घेऊनच आले. कोटाच्या आतल्या खिशातून काढले, गुडघ्यावर सारखे केले. "आज मी वाचतो," म्हणाले. इक्बालभाईंनी खाली जाऊन चहावाल्याला 'घंटाभर वर येऊ नको' असं सांगितलं.

गोष्ट त्यांच्याच गावची होती. पोलीस ॲक्शननंतरचे दिवस. त्याआधी रझाकारांच्या भीतीनं गावातली एक आळी जागी असायची; आता दुसरी जागी होती. गोष्ट सांगणारा मुलगा विशीच्या अलीकडचा, नाव अंबादास, घरचे म्हणतात अंबा. त्याचा दोस्त हबीब, पिंजाऱ्याचा. कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचं घरचं काम, त्यामुळं हबीबच्या केसांत, भुवयांत, सदऱ्याच्या शिवणींत कायम कापसाचे तंतू. दोघं एकाच पाटीवर अलिफ-बे शिकलेले. सर वाचत होते आणि इतकं सुंदर वाचत होते की खालच्या रिक्षाही ऐकू येईनात. दिवेलागण झाली आहे. अंबाच्या घराचं दार लावलेलं आहे. आई चुलीपुढे भाकरी थापतेय, तो ताटावर बसलाय. आणि बाहेरून आवाज येतो, 'अंबाऽ.'

तो गुलमंडीवरचा आंबेवाला माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मी इक्बालभाईंकडे पाहिलं. त्यांनाही तोच आठवला असणार, कारण ते खाली बघत होते.

सर पुढे वाचत होते. 'मला वाटलं, गोठ्यात वासरू हंबरलं.'

"सर," इक्बालभाई म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं. ती आम्हा सगळ्यांच्या तोंडची सवय होती, आणि ती सरांनीच लावलेली. "हा जुमला दुसऱ्यांदा वाचा."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "मला वाटलं," त्यांनी वाचलं आणि थांबले. घसा खाकरला. "मला वाटलं, गोठ्यात..." पुन्हा थांबले. मग त्यांनी कागद शेजारच्या टाइपरायटरच्या टोपड्यावर पालथे ठेवले.

"वासरू नव्हतं," ते म्हणाले. "त्या साली आमच्याकडं गायच नव्हती."

दार उघडंच होतं.

"मला आवाज वळखू आला व्हता. हबीबचा. मी ताटावरून अर्धा उठलोबी व्हतो. आईनं पिठाचा हात माझ्या तोंडावर दाबला. म्हनली, पहिल्या हाकेला ओ देऊ नको, दुसरी येऊ दे. मग आम्ही दुसरीची वाट बघत बसलो. तव्यावरची भाकर करपली, तिचा वास घरभर झाला, तरी तिनं हात काढला नाय. दुसरी हाक आली नाय. सकाळी दार उघडलं तर भायेरच्या कडीला कापूस लागलेला व्हता. एवढाच." त्यांनी चिमूट दाखवली.

आंब्यांच्या बाजारात ते का वळले होते, बसल्या जागेवरून ते अर्धेच का उठत, दार उघडं का लागत होतं, हे सगळं मला एकदम कळलं आणि आपण हसलो होतो याची इतकी लाज वाटली की मी पदर तोंडाशी धरला.

"मग हबीबभाईंचं काय झालं?" इक्बालभाईंनी विचारलं.

"कुणी म्हनतं हैद्राबादेला गेला. कुणी म्हनतं कराचीला. काही जण काहीच म्हनत नव्हते. ते गप ऱ्हानारेच जास्त जवळ व्हते तिथं."

"आणि आईंना? त्यांना खरंच भूत वाटलं होतं?" हे मी विचारलं.

"मी कधी इचारलं नाय, तिनं कधी सांगितलं नाय. पर त्या दिसापासून ती उजेडीच सैपाक उरकायची. दिवेलागणीला चूल पेटवली नाय तिनं, मरेपर्यंत." त्यांनी कागदांवर हात ठेवला. "तिचं सोडा. तिनं आपल्या पोराचा जीव राखला. माझं एकच अडतंय. घर त्याला माहीत. मी आत हाय हे माहीत, भाकरीचा वास येत आसंल त्याला. मग दुसऱ्यांदा का नाय मारली हाक? तेवढं करायला पायजे व्हतं त्यानं. मी आईचा हात झिडकारला आसता. मला वाटतं, त्याला राग आला. गप बसलेलं कळलं त्याला अन् रागानं गेला निघून. हे लिवायला बसलं की हात चालत नाय, मग वासरू आनावं लागतं."

इक्बालभाई उठले. एका टाइपरायटरचं टोपडं सरळच होतं, ते त्यांनी उगाच पुन्हा सरळ केलं. तिथूनच, पाठ फिरवून म्हणाले, "सर, गुस्सा नाही आला त्याला."

"तुम्हाला काय ठावं?"

"माझे अब्बा त्या दिवसांत कडब्याच्या गंजीत होते. दुसऱ्या गावात, पण दिवस तेच. ते सांगायचे, खोकला आला की पंचा तोंडात कोंबायचे. लपलेला आदमी दोनदा नाही ओरडत, सर. पहिली हाक तुमच्यासाठी होती. दुसरी मारली असती ना, तर ती गल्लीनं ऐकली असती."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते, जणू इक्बालभाईंचं वाक्य ते मनाशी दुसऱ्यांदा म्हणून पाहत होते.

"म्हंजी दुसऱ्यांदा हाक काय ती भुतालाच मारता आली आसती," ते शेवटी म्हणाले. "अन् मी इतकी सालं तुम्हाला उलटंच शिकवलं."

"नाही सर, तसं नाही," आम्ही सगळेच एकदम बोललो. पण आमचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवले, उठून इक्बालभाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते जिना उतरून गेले. इतर वेळी आम्ही वरून हाक मारून काहीतरी विसरलेलं सांगायचो, छत्री, चष्मा, पुढच्या रविवारचा पाहुणा. त्या दिवशी मागून हाक मारायचा कुणाला धीर झाला नाही.

ते परत आले नाहीत. दोन रविवार गेल्यावर इक्बालभाई हर्सूलच्या रस्त्याला त्यांच्या घरी जाऊन आले. शेजारीण म्हणाली, मास्तर गावी गेलेत, खोली सोडली. आमची बैठक पुढेही चालली, पाहुणे येत राहिले, चहा होत राहिला. पण 'दुसऱ्यांदा वाचा' हे कुणी म्हणेना. एखादं वाक्य खोटं वाटलं की आम्ही एकमेकांकडे बघायचो आणि गप्प बसायचो. दार मात्र उघडंच राहायचं. नव्या कुणी लावलं तर इक्बालभाई उठून उघडायचे.

पुढच्या थंडीत मी चुलतबहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला गंगापूरला गेले होते. परतायला एसटी चुकली आणि वडापच्या जीपमध्ये मागच्या बाजूला कशीबशी टेकले. दिवस मावळत आलेला. सडकेवर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली, म्हणून ड्रायव्हरनं जीप आडवाटेनं एका गावातून घातली. कुठलं गाव, म्हणून मी शेजारच्या बाईला विचारलं आणि तिनं सांगितलं ते सरांच्याच गावाचं नाव होतं.

गल्ली अरुंद होती, जीप हळूहळू चालली होती. एका ओट्यावर बंद गळ्याचा कोट घातलेला माणूस बसला होता. पाठीमागं दार सताड उघडं, आत दिवा नाही. गुडघ्यावर हात ठेवून, रस्त्याकडे तोंड करून, पाहुणा यायचा असल्यासारखे ते बसले होते. खूप वाळले होते. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! गोष्ट झाली का, जुमला बसला का, बैठकीला कधी येता, सगळं एकदम विचारायचं होतं. मी पाठीमागच्या पडद्याला धरून वाकले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "सर!"

"ओ!" लगेच उत्तर आलं.

ते उठले. या खेपेला अर्धे नाही, पुरते उठले आणि ओट्यावरून खाली उतरले. पण जीपकडे आले नाहीत. आवाज कुठून आला ते त्यांना कळलं नसावं. ते गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे, जिथं घरं संपून ज्वारीची रानं लागत होती तिकडे, एक हात पुढे करून भराभर चालायला लागले. मी पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात जीप कोपऱ्यावर वळली आणि मध्ये भिंत आली. थांबव रे बाबा, असं मी ड्रायव्हरला म्हणत होते, पण पुढं बसलेल्यांच्या गलक्यात त्याला ते ऐकू गेलं नाही.

भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येत होता. दिवसभर लोकांचे आवाज ऐकणारी बाई मी, मला तो स्पष्ट ऐकू आला. "आलो रे," ते म्हणत होते, "आलो, थांब."

मला ते कधी अरे-तुरे करत नसत. मला ते बाई म्हणायचे.